तिसरा फोटो

ताक्लोबान
३ सप्टेंबर

बेलेन,

तुझा पत्ता तिया चारिंगनं दिला. म्हातारीवर रागावू नकोस. ती आधी नाहीच म्हणत होती. मी तिच्या दारात बसून राहिले, तिच्या कोंबड्यांना भाताची खरड टाकली, तिची सगळी दुखणी ऐकली, तेव्हा कुठे तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिला. "मी दिला म्हणून सांगू नकोस हं," असंही म्हणाली. आता सांगूनच टाकलं.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. सोबत जे पाठवतेय त्यालाही कागदच लागतो.

नानाय बरी आहे. गुडघे धरलेत, तरी मशीन सोडत नाही. परवा शेजारणीच्या लग्नाचे तीन झगे एका बैठकीत शिवले आणि मग दोन दिवस पाय शेकत बसली. आई असून तुझं नाव घेत नाही. तू पाठवलेल्या सुक्या ट्युनाचं पुडकं मात्र कोणाला हात लावू देत नाही.

आता कामाचं. येत्या डिसेंबरात वादळाला आठ वर्षं होतील. मनिलाची एक संस्था बालिनायच्या आपल्या शाळेत मोठा कार्यक्रम करणार आहे. रस्त्याकडच्या भिंतीवर तो फोटो रंगवायचा म्हणतात, दोन मजले उंच. त्यांच्या वकिलाला फोटोतल्या मुलीची सही हवी आहे. तू आता सज्ञान आहेस, तेव्हा तुझीच. छापील कागदावर खालच्या रेघेवर नाव आणि तारीख घातली की झालं. परतीचं पाकीट जोडलंय.

घाबरण्यासारखं काही नाही. तुझा चेहरा त्यात कुठेच नाही, नुसती पाठ आहे.

संस्थेच्या बाईंनी हकिगत थोडक्यात लिहून मागितली होती. मी अशी लिहून दिली आहे. चुकलं असेल तर सांग.

"वादळानंतर गावातली तीनशेच्या वर माणसं हायस्कूलच्या सहा वर्गांत राहात होती. मी ताक्लोबानहून नाताळसाठी घरी आलेली, तीही तिथेच अडकले. तांदूळ आला, सार्डिनचे डबे आले, नूडल्स, साबण, एका ट्रकमधून बास्केटबॉलसुद्धा आले. पाळीच्या दिवसांत बायकांनी काय करायचं, हे कोणाच्याच यादीत नव्हतं. दुकानं वाहून गेलेली. घरातले जुने कपडे, चादरी चिखलात. शेवटी बायकांनी शाळेचं कपाट फोडलं आणि निरोप समारंभात मुलं घालतात ते पांढरे झगे फाडून घड्या केल्या. मी गावच्या प्रमुखाकडे, कपितानकडे, गेले. म्हटलं, 'कपितान, पुढच्या ट्रकबरोबर पॅड मागवा.' त्यानं यादीवरून मान वर केली नाही. 'पोरी, लोक छप्पर मागतायत आणि तू हे मागतेस?' मी म्हटलं, 'बायका पण लोकच आहेत ना?' तो म्हणाला, 'मग त्यांना म्हणावं, ट्रक येईपर्यंत जरा थांबवून धरा.' टेबलामागची माणसं हसली.

सातव्या दिवशी माझी तेरा वर्षांची बहीण तांदळाच्या रांगेत उभी होती. तिला तिथेच पहिली पाळी आली. मी तिच्या मागे होते. मी फोटो काढला. तिला विचारलं, ती हो म्हणाली, आणि संध्याकाळी डोंगरावर सिग्नल मिळाला तिथे जाऊन मी तो टाकला. खाली लिहिलं, 'भात दिलात. आता हिला काय देता?' चार दिवसांत पॅडचा ट्रक आला."

पुढचं तुला माहीत आहे. आज आपल्या प्रांतात मदतीच्या प्रत्येक पिशवीत पॅड घालावेच लागतात. तसा ठराव झालाय. हे तुझ्यामुळे झालं, बेलेन. तू हे मनात आणशील तर बरं.

सही तेवढी लवकर पाठव.

तुझी मानांग
नेरिसा


ताक्लोबान
२६ सप्टेंबर

बेलेन,

तुझं काही आलं नाही. संस्थेकडून रोज विचारणा होते. पण हे पत्र त्यासाठी नाही.

गेल्या रविवारी मी बालिनायला गेले होते. संस्थेनं ती हकिगत छापून पाठवली होती. नानायला चष्म्यानंही दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. ती मशीनवर होती. "तिला विचारलं, ती हो म्हणाली" इथवर आले आणि तिचा पाय थांबला.

"हो म्हणाली होती?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे, तसंच."

"तसंच म्हणजे कसंच?"

मी कागद घडी करून ठेवला. तिनं पुन्हा पाय मारला, बाही उलटी जोडली गेली, मग बसून उसवत राहिली. निघताना दरवेळी खाऊ देते तसा यावेळी दिला नाही.

तेव्हा हे लिहिते. तू हो म्हणाली नव्हतीस.

मी माझं जॅकेट तुझ्या कमरेला बांधलं तेव्हा तुला माझ्या हातात फोन दिसला. तू म्हणालीस, "मानांग, काढलास? पुसून टाक." तू ओरडली नाहीस, कारण मागे माणसं होती. मी म्हटलं, "पुसते गं, हे बघ." तुझ्यासमोर फोन धरून पुसला. एक पुसला, दुसरा पुसला. तू मान हलवलीस आणि तांदूळ घ्यायला पुढे गेलीस.

मी तीन काढले होते.

त्याच दुपारी नानायनं तुला पाण्याच्या टाकीमागे नेलं, जुन्या रिवाजाप्रमाणे तोंड पुसलं आणि शाळेच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारायला लावली, म्हणजे पाळीची पाहुणी तीनच दिवस राहील. तुला लाज वाटत होती. बायका टाळ्या वाजवत होत्या. आठवड्यात पहिल्यांदा तिथे कोणी हसलं असेल. तू उडी मारलीस आणि तूही हसलीस. मी वर्गाच्या दाराला टेकून बघत होते आणि तिसरा फोटो खिशात होता. तेव्हाही पुसता आला असता.

मला वाटलं होतं, पाठमोरी मुलगी, कोण ओळखणार? पण तो निळा घागरा नानायनं पडद्याच्या कापडाचा शिवलेला, त्यावर पांढरे शिंपले. अख्ख्या बालिनायमध्ये तसा एकच होता. ट्रक आला त्या दिवशी पॅड वाटणाऱ्या बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "ती शिंपल्यांची मुलगी कोणती?" आणि सगळे तुझ्याकडे वळले. मी आनंदानं रडत होते. मी तुझ्याकडे पाहिलंच नाही.

शाळा सुरू झाल्यावर तुला 'मिस रिलीफ' म्हणायला लागले, हे मला तिया चारिंगकडून कळलं. तांदळाच्या गोणपाटाचा पट्टा करून तुझ्या बाकावर ठेवला, सौंदर्यस्पर्धेत घालतात तसा, त्यावर लाल शाई. तेव्हा मी मनिलाला एका सभेत बोलत होते. फोनवर मी तुला म्हटलं, "अगं, लाज त्यांना वाटायला हवी, तुला कशाला?" तू म्हणालीस, "बरं." त्यानंतर तू मला फोन केलाच नाहीस. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, सतराव्या वर्षी घर.

आणखी एक आहे. सभांमधून लोक हमखास विचारतात, "ती मुलगी आता कुठे असते?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गडबडले आणि म्हणाले, "ती नर्सिंग शिकतेय." टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी तू तिसऱ्या वर्षाला होतीस. यंदा मी तुला इस्पितळात नोकरीही लावली आहे.

त्या नर्सला पत्रं येतात, बेलेन. माझ्या पेजवर मुली तिला लिहितात, ताई, तू होतीस म्हणून मला धीर आला. मी तिच्या वतीनं उत्तरं देते. ती खूप समजूतदार आहे. तिनं मला केव्हाच माफ केलंय.

नेरिसा


ताक्लोबान
१९ ऑक्टोबर

बेलेन,

तुझं पाकीट मिळालं. कागदावरची रेघ कोरीच आहे, सही नाही. पाठीमागे तू एकच ओळ लिहिलीस: "पुसण्याचं राहू दे. काढायच्या आधी मला सांगितलं का नाहीस?"

मी तीन दिवस पाकीट पर्समध्ये घेऊन फिरले. तीन उत्तरं लिहून फाडली. त्यांत सगळीकडे ट्रक येत होता.

खरं असं आहे.

तू रांगेत होतीस. सकाळ होती, पाऊस नुकता थांबला होता. मला डाग दिसला. पहिल्यांदा मनात आलं ते हेच की जॅकेट काढावं. अर्धं काढलंही, एक हात बाहीतून बाहेर होता. मग मला तुझ्या पुढचा फलक दिसला. मदतीच्या टेबलावर लावलेला, त्यावर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा आणि खाली "एकही माणूस वंचित राहणार नाही." मी जिथे उभी होते तिथून तो एका माणसाच्या खांद्याआड जात होता.

मला तो डाग आणि तो फलक एकत्र हवे होते.

मी दोन पावलं डावीकडे सरकले. तरी जमेना. रांग पुढे गेली असती तर जमलं असतं. म्हणून मी थांबले. अर्धं जॅकेट अंगात, अर्धं लोंबतंय. रांगेतल्या चार जणांचा तांदूळ मोजून होईपर्यंत मी थांबले. तुझ्या मागच्या माणसांनी पाहिलं. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं, तेही मला दिसलं. मग फलक मोकळा झाला आणि मी पहिला काढला. तो हलला. दुसऱ्यात तू मान वळवायला लागली होतीस. तिसरा नीट आला.

मग मी जॅकेट बांधलं.

तेव्हा माझ्या मनात राग होता, बेलेन. कपितानानं मान वर केली नव्हती, टेबलामागची माणसं हसली होती, वर्गाच्या कोपऱ्यात बायका फळ्याआड घड्या बदलत होत्या. वृद्ध तिया सोलेदादला नातीसाठी कपडा मागताना मी पाहिलं होतं. राग खरा होता. पण त्या चार माणसांच्या तांदळाएवढ्या वेळात मला राग आठवत नाही. मला फक्त चौकट नीट हवी होती. तू माझी बहीण आहेस हे मी विसरले नव्हते. ते मला माहीत होतं, आणि तरी.

तो फोटो मी इतक्या वेळा पाहिलाय की तुझा चेहरा मला आठवत नाही. बसमध्ये पुढच्या बाकावर एखाद्या मुलीची पाठ दिसली की मी उतरेपर्यंत तिच्याकडे बघत बसते. ती वळली तर बरं वाटत नाही, न वळली तरी बरं वाटत नाही.

संस्थेला कळवलं आहे की सही मिळणार नाही. बाई म्हणाल्या, "हरकत नाही, आपण फोटोवरून प्रेरित चित्र करू, घागरा वेगळ्या रंगाचा घेऊ." मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "नेरिसा, हा विषय आता तुमच्या घरातला राहिलेला नाही." हे त्यांचं खरं आहे. तसं करणारी मीच.

नेरिसा


बालिनाय
९ डिसेंबर

बेलेन,

हे पत्र नानायच्या मशीनच्या पाटावर लिहिते आहे. कार्यक्रम काल झाला.

मी माझ्या पेजवरून फोटो काढला आणि बोलायला उभी राहिले तेव्हा जे झालं ते सांगितलं. तीन फोटो, चार जणांचा तांदूळ, पुसल्याचं नाटक, सगळं. तुझं नाव घेतलं नाही, पण समोर बसलेल्यांना ते सांगायची गरजही नव्हती. नर्सचंही सांगितलं. संस्थेच्या बाईंनी मध्येच माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला, म्हणजे आता बस करा.

पुढच्या रांगेत सहावीच्या मुली होत्या. त्यातली एक उठली. "मग त्या नर्स नाहीत?"

"नाहीत."

"मग काय करतात?"

"दक्षिणेत एका कारखान्यात मासे डब्यात भरतात."

तिनं जरा विचार केला. "त्यांना आवडतं का ते?"

मला माहीत नव्हतं. "मी कधी विचारलं नाही," असं म्हणाले. ती खाली बसली. तिच्या बाजूची मुलगी रडत होती. नंतर त्यांच्या बाईंनी सांगितलं, त्या मुलीला त्या नर्समुळेच नर्स व्हायचं आहे.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटेल. दुपारपर्यंत फोन पेटला. ज्या बायकांबरोबर मी आठ वर्षं काम केलं त्या लिहितात, आमच्या पायाखालची जमीन काढलीस. कपितानचा पुतण्या आता कौन्सिलात आहे. त्यानं लिहिलं, "बघा, मूळचा फोटोच लबाडीचा, मग ठराव कशाला?" ठरावावर पुन्हा चर्चा ठेवली आहे. मला त्या दिवशी जावं लागेल, त्यांच्यापुढे उभं राहून सांगावं लागेल की फोटो लबाडीचा असला तरी रक्त खरं होतं. ऐकतील की नाही, माहीत नाही.

आणि मी फोटो काढून टाकल्यावर तासाभरात तो दुसऱ्यांनी पुन्हा टाकला. एकानं, दहा जणांनी, मग मोजणं सोडलं. एकात तर खाली कुठल्या देशाची लिपी आहे तेही मला ओळखता आलं नाही. तो आता पुसला जाणार नाही. मी मेल्यावरही तू त्या रांगेत उभी असशील.

भिंतीला चित्रासाठी पांढरा रंग देऊन झाला होता. तो तसाच राहिलाय. येताना मी त्या बाजूनं चालले नाही, शेताकडून आले.

 नानाय मघाशी म्हणाली, "तिला लिहितेस ना? लिही की सुका मासा संपला." एवढंच म्हणाली. मी तिथे यायचं म्हणते आहे. तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राहीन. तू नाही म्हणालीस तर येणार नाही.

नेरिसा


जनरल सांतोस
२ जानेवारी

मानांग,

नाही. येऊ नकोस.

तुझी पत्रं वसतिगृहाच्या बाई देतात, फोडलेली नसतात. शेवटचं सुट्टीत वाचलं. माझ्या खोलीतल्या दितानं विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, घरून.

त्या सहावीतल्या मुलीला सांग, काम आवडतं असं नाही, पण माझे हात चांगले चालतात. ट्युनाचा काटा माझ्याइतका साफ आमच्या ओळीत कोणी काढत नाही. अंगाचा वास जात नाही. बसमध्ये लोक सरकतात, मला ऐसपैस जागा मिळते. इथे मला कोणी मिस काही म्हणत नाही. बेलेन म्हणतात.

आमच्या ओळीत बाथरूमला जायचं तर मुकादमाला विचारावं लागतं, आणि तो कशाला म्हणून विचारतो. मागच्या वर्षी आम्ही सहा जणी एकदमच त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. त्यानं विचारलं, कशाला? दितानं सांगितलं, अगदी सविस्तर. तेव्हापासून विचारत नाही. कपडे बदलायच्या खोलीत बिस्किटांचा एक डबा आहे, त्यात पॅड असतात. जिला लागेल तिनं घ्यावं, जमेल तिनं टाकावं. दोनदा डब्यासकट चोरीला गेला. आता पत्र्याच्या कपाटाला तारेनं बांधलाय. हे तू कुठे लिहू नकोस.

कौन्सिलात जा. ट्रक आला ते बरंच झालं. त्या दिवशी ट्रक नसता आला तर नानायकडे फाडायला काही उरलं नसतं. मी हे तेव्हाही म्हटलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

माफीचं मला काही कळत नाही. तुझ्या नर्सला विचार.

तुझ्या पत्रांवरून दिसतं, तुला वाटतं की तू मागे थांबली होतीस हे मला माहीतच नव्हतं. त्यावरूनच हे पत्र लिहायला बसले, नाहीतर सही नसलेला कागद पुरे होता.

मला माहीत होतं. टेबलापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी मला कळलं होतं. पायावरून ओघळ आला होता. मी घाबरले होते. वळून पाहिलं तर मागे तू दिसलीस, जॅकेट काढत होतीस. मला वाटलं, मानांग आहे, ती मला झाकून उभी आहे, कोणाला काही दिसणार नाही.

म्हणून मी पुढे तोंड करून सरळ उभी राहिले.

बेलेन